चिंधी बांधलेले पाइप

जयंतीची मिरवणूक होऊन आठवडा उलटला, पताकांचा निळा रंग उन्हाने विटायला लागला, की आमच्याकडे नालेसफाईची मशीनं उतरतात. ट्रॅक्टरला पुढे फावडं आणि मागे खोदायचा लांब हात, असं ते मशीन. त्याला बॅकहो म्हणतात, निदान आम्ही धंद्यातले तरी म्हणतो. पावसाच्या आधी कल्याणपासून डोंबिवलीपर्यंतच्या प्रत्येक नाल्यात ही मशीनं तोंड घालून बसलेली असतात. वर्षभराचा गाळ, गाद्या, नारळ, प्लॅस्टिक उपसून काठावर ढीग घालतात, आणि तो ढीग उचलला जाईपर्यंत अख्खा रस्ता नाक दाबून चालतो. लोकांना या दिवसांत आंबे आठवतात, मुलांच्या सुट्ट्या आठवतात. मला तापलेल्या हायड्रॉलिक ऑइलचा वास येतो. दुकानात थेंबभर ऑइल सांडलेलं नसलं तरी येतो.

आमचं दुकान पत्रीपुलाच्या अलीकडे आहे. होज पाइप मापाने कापून त्यांना नट दाबून देणं, पंप खोलणं, व्हॉल्व दुरुस्त करणं, हे काम. दुकान बाबांनी काढलं. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली उभी राहिले आणि ते गेल्यावर त्यांच्या जागी. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्या शेजारी बाबांचा फोटो, त्यावर ऑइलच्या बोटाचा एक डाग. तो मी कधी पुसला नाही. नवं गिऱ्हाइक आलं की अजूनही आधी विचारतं, शेठ कुठे आहेत. मी हातातल्या पान्यानेच माझ्याकडे बोट दाखवते.

बाबा फार बोलणारे नव्हते. पण मशीनबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. त्यांच्या मते सगळ्या मशीनचं पोट एकच. टाकीतून ऑइल ओढणारा एक पंप, ते कुणाकडे पाठवायचं हे ठरवणारा एक व्हॉल्व, आणि हात हलवणारे जॅक. मधले सगळे नुसते पाइप. पंप रडल्यासारखा आवाज करत असेल तर ओढणाऱ्या पाइपातून हवा शिरते आहे. सकाळी जोर आहे आणि ऊन चढल्यावर जोर जातो, तर पंप झिजला. दाब कुठेतरी जातोच, सुजाता, तो नाहीसा होत नाही, कुठे जातो ते शोधत बस, असं म्हणायचे. मी शोधत बसायची. मला त्याचं वेडच होतं म्हणा ना.

बूम बसणं हा त्यातला सगळ्यात फसवा रोग. बूम म्हणजे त्या लांब हाताचा दंड. तो वर करून ठेवावा तर वर राहायला हवा. आतून ऑइल झिरपत असेल तर तो हळूहळू खाली येतो. बघत बसलं तर काही दिसत नाही. चहाला जाताना बघावा तर वर, परत येऊन बघावा तर वीतभर खाली. कोणीही लिव्हरला हात लावलेला नसतो.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये अशाच तक्रारीसाठी मला डोंबिवलीला बोलावणं आलं. पूर्वेला, कारखान्यांच्या मागून एक नाला जातो, पाण्याचा रंग दर दिवशी वेगळा. मशीन एका ठेकेदाराचं होतं, पण चालवायचे बबनकाका. बबनकाका बाबांचे दोस्त, टिटवाळ्याचे. दोघं तरुणपणी एकाच दगडखाणीवर होते, काका मशीनवर आणि बाबा मशीनखाली. मला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. बाबा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आणि ठेकेदार दुसऱ्या मेकॅनिककडे निघाला होता. पोर करते ना, म्हणून काकांनीच त्याला अडवलं. ते मला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

काकांबरोबर त्यांचा जावई निलेश कामाला होता. तो नाल्यात उभा राहायचा आणि लांब हाताच्या टोकाला गाळ उपसणारी जी बकेट असते तिच्या दातांत अडकलेल्या चिंध्या, वायरी, दोऱ्या लोखंडी आकड्याने सोडवायचा. काकांच्या शीतलला तेव्हा सातवा महिना होता. काका दिवसातून चार वेळा निलेशला विचारायचे, शीतल जेवली का, आणि तो चारही वेळा हसायचा.

ते दोघं डबे घेऊन शिरीषाच्या झाडाखाली गेले आणि मी कामाला लागले. ऊन असं होतं की पाना उचलताना हाताला फडकं धरावं लागे. बूमखाली वीतभर जागा सोडून ओंडका लावला, जॅकची तोंडं बंद करून पाहिलं. एवढं करूनही बूम बसला असता तर दोष जॅकमध्ये. तो बसला नाही, म्हणजे व्हॉल्व. व्हॉल्व खोलायला सगळे पाइप सोडवावे लागतात. ते सोडवताना माझ्या लक्षात आलं की बूमचे दोन पाइप उलटे जोडलेत. जो वरच्या तोंडाला हवा तो खाली, खालचा वर. आणि दोघांच्या सांध्याला एक चिंधी गाठ मारून बांधलेली, ऑइल पिऊन काळी झालेली.

मला वाटलं, कुणीतरी गाढवाने घाईत लावलेत आणि गळतंय म्हणून वर फडकं गुंडाळलंय. मी ब्लेडने चिंधी कापली, खिशात टाकली. व्हॉल्वची घासलेली रिंग बदलली, आतला गाळ काढला, आणि पाइप नकाशात असतात तसे सरळ लावले. मनात थोडी फुशारकीही आली. इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही ते मला दिसलं.

इंजिन चालू करून लिव्हर मागे ओढला. बूम वर गेला. जॅकच्या चकचकीत दांड्यावर खडूची रेघ मारली आणि तो तसाच वर ठेवून घड्याळ लावून बसले. दहा मिनिटांत रेघ केसभर हलली नाही. मी एकटीच हसले. तिकडून काका हात पुसत आले, रेघ बघितली, बापाची पोर हायस, म्हणाले, आणि चढून बसले.

बाबांचा एक नियम होता. पाइप खोलला असेल तर पहिली हालचाल ऑपरेटरने करायची, तीही बकेट जमिनीला टेकलेली असताना. मशीन त्याचं आहे, त्याला ओळखू दे, असं त्यांचं म्हणणं. त्या दुपारी मी तो नियम विसरले असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला ती न हलणारी रेघ काकांना दाखवायची होती, म्हणून मी बकेट खाली घेतली नाही.

निलेश नाल्यात उतरला होता. बकेटच्या दातात नायलॉनची दोरी लोंबत होती, ती त्याने धरली. बकेट डोक्यावर नको म्हणून काकांनी ती आणखी वर घ्यायला लिव्हर पुढे ढकलला.

बूम वर गेला नाही.

पुढचं मी लिहिणार नाही. निलेशने उडी मारली म्हणून तो वाचला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

त्या संध्याकाळी आईने माझा एप्रन धुवायला घेतला. खिशातली चिंधी तिने साबणाने चोळली, तसा काळा थर सुटला आणि खालून हिरवा काठ निघाला. आईने काठ उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "हे माझ्या लुगड्याचं आहे. कुठून काढलंस?"

मी सांगितलं. तिने चिंधी पिळली, दोरीवर टाकली, आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलली. "मुद्दाम उलटे लावलेल्या पाइपाला बांधायचे ते. पुढच्याने सरळ करू नये म्हणून. मीच फाडून द्यायचे त्यांना."

मग तिने बाकीचं सांगितलं. दगडखाणीवरचं जुनं मशीन उलटं होतं, लिव्हर पुढे ढकलला की त्याचा बूम वर जायचा. बबनकाकांचा हात त्या मशीनवर तयार झाला. हे नवं मशीन ठेकेदाराने जुन्या बाजारातून आणलं तेव्हा पंप आणि व्हॉल्वची सगळी जोडणी बाबांनी केली होती, आणि काका पहिल्यांदा चढायच्या आधीच त्यांनी बूमचे पाइप उलटे लावून टाकले. काकांना सांगितलं नाही. या वयात हात नव्याने शिकवायचा म्हणजे माणसाचा अपमान होतो, असं आईला म्हणाले होते. काकांना वाटलं, मशीन आपल्या हातासारखंच आलं. तीन वर्षं त्यांनी ते तसंच चालवलं.

बाबांनी मला का सांगितलं नाही, यावर मी पुष्कळ वर्षं चिडून काढली. चिडायला बरं असतं, मेलेला माणूस उत्तर देत नाही. पण सांगितलं होतं त्यांनी. गाठ मारून सांगितलं होतं, आणि ती गाठ मी कापली.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या यार्डात मशीन तपासायला एक माणूस आला. त्याने लिव्हर मागे ओढला, बूम वर गेला. पुढे ढकलला, खाली आला. मशीन बरोबर आहे, म्हणाला. काका दोन दिवस झोपले नव्हते, डोळे सुजलेले. ते म्हणाले, नाय, या मशीनला पुढं केला का वर जातो. त्या माणसाने त्यांना पुन्हा करून दाखवलं. पुढे, खाली. मागे, वर. आजूबाजूला चार माणसं होती, त्यातल्या एकाने हळूच विचारलं, दुपारी घेतली होती का. काका घेत नाहीत. आयुष्यात घेतली नव्हती. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही, माझ्याकडे वळले.

"सुजाता, तू पाइप बदलले का गो?"

एप्रनच्या खिशात तीच चिंधी होती, धुऊन वाळलेली. सकाळी निघताना आई म्हणाली होती, काय सांगायचं ते तू ठरव, पण दुकान गेलं तर परत कोणी बाईला मशीनजवळ उभं करणार नाही. तिने मला खोटं बोल असं सांगितलं नव्हतं. तेवढा मोठेपणा मी तिला देते, आणि बाकीचं माझ्याकडे ठेवते.

"नाही," मी म्हणाले. "होते तसेच लावले."

काकांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, हात चुकला माझा. लिहा. तिथे ते लिहून घेतलं गेलं. त्या दिवसानंतर काका मशीनवर बसले नाहीत.

माझं दुकान चाललं. चांगलं चाललं. बाईच्या हातचं काम एक नंबर, असं लोक म्हणायला लागले. मी एकदाही पाइप चुकवला नाही, कारण प्रत्येक पाइप चार वेळा बघते, आणि पहिली हालचाल ऑपरेटरलाच करायला लावते, बकेट जमिनीवर. तो कंटाळून म्हणतो, मॅडम, किती वेळा. मी पुन्हा लिव्हरकडे बोट दाखवते. रस्त्याने जाताना उचललेली बकेट दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. एकदा रिक्षात बसले असताना सिग्नलला शेजारी मशीन येऊन उभं राहिलं, बूम वर, आणि मी रिक्षा तिथेच सोडली. रिक्षावाल्याला वाटलं, मला उलटी होतेय.

एप्रिल आला की दुपारी जेवणानंतर ते सुरू होतं. दुकानामागच्या नाल्यातून मशीनचा आवाज येत असतो, इंजिन खालच्या सुरात आणि पंप वरच्या सुरात. मग मध्येच आवाज बदलतो, कोणीतरी लिव्हर हलवलेला असतो, आणि माझे खांदे आपोआप आवळतात. कान कशाची वाट बघतात ते मला माहीत आहे. तेवढ्यात बकेट गाळात बसल्याचा साधा चपचपीत आवाज येतो, आणि मी पुन्हा कामाला लागते.

तीन वर्षांपूर्वी बाळकुमला एका बांधकामावर पाइप पोचवायला गेले होते. एकेकाळी बाबांच्या मागे सायकलवर बसून मी त्या गावात गेलेली, शेतं होती तिथे. आता मोठमोठी संकुलं. एका संकुलाच्या फाटकावर निळ्या गणवेशात बबनकाका उभे होते. गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, गेली की खाली. ते डाव्या हाताने करत होते. उजवा पाठीमागे धरलेला, जणू तो दुसऱ्याचा आहे आणि सांभाळायला दिलाय. मी सिमेंटच्या गाडीआड उभी राहून ते बघितलं. पुढे गेले नाही. बारा-पंधरा गाड्या गेल्या असतील, उजवा हात एकदाही पुढे आला नाही.

या माघात आई गेली. तिची ट्रंक आवरताना तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी सापडली. हिरव्या काठाच्या चिंध्या, एका मापाने फाडलेल्या, वीस-बावीस असतील. बाबांसाठी फाडून ठेवलेल्या. बाबा गेल्यावरही तिने टाकल्या नव्हत्या, आणि त्या दिवसानंतरही टाकल्या नव्हत्या. आम्ही दोघी अकरा वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो म्हणा, आणि हा विषय परत निघाला नाही. मला वाटायचं ती विसरली. पुडी बघितल्यावर कळलं की रोज त्या ट्रंकेवरच्या चादरीची घडी नीट करताना तिला तळाची पुडी आठवत असणार.

मग जयंती झाली, मशीनं उतरली, आणि परवा मी जुनी चिंधी घेऊन बाळकुमला गेले.

चारचा सुमार होता. काकांनी मला लगेच ओळखलं. केबिनमधली खुर्ची बाहेर काढून दिली, बाटली पुढे केली, आई गेल्याचं त्यांना कळलं होतं, येता आलं नाही म्हणाले. सगळं डाव्या हाताने. निलेशबद्दल विचारलं तर म्हणाले, बसवलेला पाय चांगला हाय, टिटवाळ्याला स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान चालवतो. शीतल बरी आहे. मी चिंधी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. बाबांनी पाइप का उलटे लावले, मी गाठ कशी कापली, बकेट खाली का घेतली नाही, यार्डात त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या खिशात काय होतं. सांगताना रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेवढं जमलं.

मध्ये एक गाडी आली. काकांनी उठून दांडा वर केला, गाडी आत गेली, दांडा खाली घेतला, परत येऊन बसले. चिंधीचा काठ अंगठ्याने चाचपत राहिले.

"मंजे मी वरच घेतला व्हता," ते म्हणाले.

"हो काका. वरच घेतला होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी करून गेले होते. चार लोकांत उभं करा, ठेकेदाराकडे चला, निलेशच्या घरी चला, शीतलच्या पाया पडते, हे सगळं मी म्हणाले. त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही. ते उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते. मग माझ्याकडे नव्हे, हाताकडेच बघत बोलायला लागले.

त्याच वर्षी, दुर्घटनेनंतर अडीच महिन्यांनी, शीतलला मुलगी झाली. दवाखान्यात शीतलने तिला काकांपुढे धरलं आणि काका मागे सरले. बारशाला सरले, जावळाला सरले. ज्या हाताने वर म्हणून खाली घेतलं, तो हात या लेकराखाली घालायचा कसा. कोणाला हे सांगता येईना. शीतलला वाटलं, मुलगी झाली म्हणून बाप नाराज आहे. ती अजून तसंच समजते. पोर चालायला लागली, हात वर करून त्यांच्या पायाशी यायची, घे म्हणायची, आणि काका उठून अंगणात जायचे. मग हळूहळू ती यायची थांबली.

मी म्हणाले, आता सांगा ना शीतलला. मी येते बरोबर, आज येते. ते हो म्हणाले, ये रविवारी, तूच सांग, माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाय. मग त्यांनी उजवा हात हळूच उचलला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि तिथे धरून ठेवला. हात खाली आला नाही.

"लई उशीर केलास, पोरी," काका म्हणाले. "तिला बारावं लागंल आता. माझ्या खांद्याला लागते. आता तिला कोन उचलतंय."